गजकर्ण आणि अश्वकर्ण

मनुष्याच्या सर्व अवयवांत कानाइतका सोशिक अवयव दुसरा नसेल. तो कोणी धरावा, कोणी उपटावा, कोणी भरावा, कोणी फुंकावा. आणि त्यानें जागच्या जागीं राहून हें सारें सोसावें. डोळा निदान मिटतां तरी येतो. कानाला तीहि सोय नाहीं. आम्ही प्राथमिक शाळेंत असतांना आमच्या गुरुजींचा उजवा हात आणि आमचा डावा कान यांचा इतका घरोबा होता कीं, सोळाचा पाढा म्हणावयाची वेळ आली म्हणजे कान आधीं लाल होई व पाढा मागाहून आठवे. पुढें आम्ही स्वतःच शिक्षक झालों. परंतु तोंपर्यंत काळ पालटला होता, आणि महाविद्यालयांतील तरुणांचे कान पिळण्याची प्राज्ञा आमच्या पिढींत कोणाचीच नव्हती. हा राहून गेलेला अधिकार आम्हीं वयाची पन्नाशी उलटल्यावर एका घोड्यावर गाजविला. त्याची ही हकीकत आहे. आणि ती सांगतांना आमचे स्वतःचे कान पुन्हां एकदां लाल झाले आहेत, तें वाचकांना दिसत नाहीं हें एक बरें आहे.

घोड्याचा कान म्हणजे नुसतें ऐकण्याचें साधन नव्हे. तें त्याचें अर्धें बोलणें आहे. 'कान टवकारले' असें आपण माणसांविषयीं खुशाल लिहितों, पण हा वाक्प्रचार आपण जनावरांकडून उसना घेतला आहे, आणि तो खरा करून दाखविण्याजोगे स्नायू आपल्यापाशीं उरलेले नाहींत. घोड्यापाशीं ते भरपूर आहेत. त्याचे दोन्ही कान एकमेकांना न विचारतां फिरतात. एक समोरच्या वाटेकडे, तर दुसरा पाठीवरच्या स्वाराकडे. दोन्ही पुढें रोखले म्हणजे त्याला कशाचें तरी नवल वाटलें आहे. सैल पडले म्हणजे तो पेंगत आहे. आणि मागें मानेला चिकटविले म्हणजे शहाण्या माणसानें चार पावलें दूर व्हावें. ज्या प्राण्याचा असा कान दुखावला, त्याची जीभच दुखावली म्हणावयाची. ही विद्या आम्हांला आज आहे. २०१८ सालच्या मे महिन्यांत ती नव्हती.

उन्हाळ्याच्या सुटींत आठ दिवस माथेरानला जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ आहे. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं हा डोंगर हेरला, तेव्हांपासून मुंबई-पुण्याच्या माणसांना तेथें जाऊन हवेची तारीफ करण्याची संवय लागली आहे. मोटारी दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. पुढें जाण्यास त्या वर्षीं आपले पाय, माणसानें ओढावयाची रिक्षा, चिमुकली आगगाडी किंवा घोडा एवढींच साधनें होतीं. विजेच्या रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. आमची निवड ठरलेली असे. नाक्यावर उतरलें कीं सामान हमालाच्या डोक्यावर, बरोबरचीं मुलें मोतीच्या पाठीवर, आणि आम्ही मोतीच्या धन्याबरोबर गप्पा मारीत तांबड्या धुळींतून पायीं.

मोती हा पंचकल्याणी घोडा: चारी पाय गुडघ्याखालीं पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, बाकी अंग तांबूस तपकिरी. त्याच्या धन्याला सारा बाजार 'मामा' म्हणे, म्हणून आम्हीहि म्हणूं लागलों. मालक तेच, मोतद्दार तेच आणि खरारा करणारेहि तेच. त्यांचें शिक्षण चौथीपर्यंत झालें होतें, आणि घोड्यांविषयीं ते आमच्याशीं कधींच वाद घालीत नसत. आम्ही शिकलेले आहों, हें त्यांनीं पहिल्या भेटींतच धरून ठेवलें होतें. त्यांची एवढी एकच चूक.

त्या वर्षीं आमच्या नात्यांतील एक सात वर्षांची मुलगी बरोबर होती. ती खोगिरावरून पुढें वांकून मोतीच्या कानाशीं कांहीं तरी गुज बोलूं पाहात होती. एकदम ती ओरडली, "आजोबा, ह्याच्या कानांत खडू सांडलाय!"

आम्हीं घोडा थांबवून पाहिलें. खडू म्हणावा तसेंच तें दिसत होतें. कानाच्या आंतल्या बाजूस रुपयाएवढे दोन-तीन पांढरे चट्टे, वर भुरभुरीत खपल्या, कडेला एखाद-दुसरा लहान ठिपका. दुसऱ्या कानांतहि तोच प्रकार. मामांना विचारलें, तर ते म्हणाले, "ते व्हय? दोन वर्सं झाली, साहेब. आहे तसंच आहे. खाजवत न्हाई, दुखत न्हाई. म्या काय त्याला हात लावत न्हाई."

आतां आम्ही आयुष्यभर शिकविलें तें इंग्रजी वाङ्मय. घोड्यांशीं आमचा संबंध शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डला एक घोडा हवा होता आणि तो मिळाला नाहीं, इतकाच. परंतु सुशिक्षित माणसाला पांढरा चट्टा दिसला म्हणजे त्याच्यांतला वैद्य जागा होतो. हें गजकर्ण आहे, असें आम्हीं तत्काळ ठरविलें. गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. आपल्या पूर्वजांनीं त्वचेच्या त्या बुरशीला हें नांव कां दिलें कोण जाणे. पण हत्तीच्या कानाचा रोग घोड्याच्या कानांत सांपडला, ह्या शब्दयोगाचाच आम्हांला इतका आनंद झाला कीं, निदान खरें कीं खोटें हें पाहण्याचें भान राहिलें नाहीं. शिवाय गजकर्ण जनावरापासून माणसाला होतें, हें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें. आणि तें खरेंहि आहे. बरोबर लहान मूल. मग काय विचारतां? आम्हीं बाजारांत जाऊन औषधांच्या दुकानांतून बुरशीवरच्या मलमाच्या दोन नळ्या आणल्या. खपल्यांवर मलम लावून उपयोग नाहीं, त्या आधीं निघाल्या पाहिजेत, हा तर्कहि आमचाच. चहाच्या चमच्याच्या कडेनें एक खपली आम्हीं स्वतः खरवडून दाखविली. ती सहज सुटली. खालीं गुलाबी, लकाकती कातडी निघाली. मोतीनें मान झटकली. मामांनीं त्याची म्होरकी घट्ट धरली.

खरें सांगावयाचें तर त्या गुलाबी कातडीकडे पाहून आम्हांला जें समाधान झालें, तें पाटावरचा डाग निघाल्यावर होणाऱ्या समाधानाच्याच जातीचें होतें. रोग्याची तक्रार नव्हती. तक्रार प्रेक्षकाची होती. चट्टे घोड्याला खुपत नव्हते, ते आमच्या डोळ्यांना खुपत होते. पण हें पुढचें शहाणपण. त्या दिवशीं आम्हीं मामांना स्वच्छतेवर दहा मिनिटें व्याख्यान दिलें, आणि "सकाळ-संध्याकाळ, एकवीस दिवस, एकहि दिवस चुकवूं नका," अशी ताकीद देऊन चमचा त्यांच्या हवालीं केला.

दिवाळीच्या सुटींत आम्ही पुन्हां माथेरानला गेलों. नाक्यावर मोती नव्हता. मामा एका परक्या काळ्या घोड्याची लगाम धरून उभे होते.

"मोती कोठें आहे?"

"घरी आहे, साहेब."

"आजारी आहे काय?"

"आजारी न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसं केलं, साहेब. एकवीस दिवस. एक दिवस चुकवला न्हाई."

पुढचें त्यांनीं आमच्या तोंडाकडे न पाहतां सांगितलें. पहिले चार दिवस ठीक गेले. मग मोती चमचा पाहूनच मान वर उचलूं लागला. म्हणून मामांच्या मुलानें त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पीळ द्यावा आणि मामांनीं खरवडावें, असा क्रम सुरू झाला. दहाव्या-बाराव्या दिवशीं रक्त आलें. औषध आहे, झोंबणारच, असें मामांनीं स्वतःला समजाविलें. कारण सांगणारा शिकलेला माणूस होता. एकवीस दिवस पुरे झाले तेव्हां कान स्वच्छ होता, आणि त्या कानावरून लगाम घालूं देण्यास मोती तयार नव्हता. रोज सकाळीं दोन माणसें आणि तासभर झटापट. शेवटीं एका गिऱ्हाइकाच्या मुलानें लाडानें त्याच्या कानाला हात लावला, तेव्हां मोतीनें मान अशी उसळली कीं मूल खोगिरावरून घसरलें. मामांनीं त्याला वरच्यावर झेललें म्हणून बरें. त्या दिवसापासून मोतीला नाक्यावर आणणें त्यांनीं बंद केलें, आणि दुसऱ्याचा घोडा निम्म्या वाट्यानें चालवावयास घेतला. पावसाळ्यांतले रविवार आणि दिवाळीचा हंगाम असा निम्म्यानें गेला. मोतीला चंदी मात्र पुरी लागतच होती.

आम्ही त्यांच्या घरीं गेलों. मोती पडवींत बांधला होता. आम्हांला पाहतांच त्याचे दोन्ही कान मागें गेले, आणि आम्हीं हात पुढें केला तसा तो भिंतीला पाठ लागेपर्यंत मागें सरला. दुरूनच दिसलें: कानांतले पांढरे चट्टे होते तसेच परत आलेले होते. पूर्वीं दोन-तीन होते. आतां कदाचित् एक जास्तच असेल.

आमच्या शेजारची एक मुलगी, जिला आम्हीं अंगणांत लगोऱ्या खेळतांना पाहिलें आहे, ती आतां पशुवैद्य आहे आणि पुण्याकडील घोड्यांच्या तबेल्यांतून काम करते. तिला आम्हीं सर्व हकीकत सांगितली. म्हणजे आपली चूक शक्य तितकी आडवळणानें सांगितली. ती पुढच्याच रविवारीं आमच्याबरोबर आली. तिनें मोतीच्या कानाला बोट देखील लावलें नाहीं. बाजूला उभी राहून, विजेरीचा उजेड टाकून, मान वांकडी करून तिनें दहा मिनिटें पाहिलें आणि विचारलें, "काका, बुरशी आहे हें तुम्हांला कोणी सांगितलं?"

आम्ही गप्प बसलों. गुरुजींच्या पुढेंहि असेच बसत असूं.

ही बुरशी नव्हे, चामखिळीचीच एक चपटी जात आहे, असें तिनें सांगितलें. इंग्रजींत तिला 'ऑरल प्लाक' म्हणतात. (कानाचें 'ऑरल' आणि तोंडाचें 'ऑरल' यांचा घोळ आम्ही तीस वर्षें वर्गांत निस्तरीत आलों आहों, पण प्रसंग विनोदाचा नव्हता.) तिचें कारण विषाणु. ह्या विषाणूंचें कुळ पॅपिलोमा नांवाचें. माणसांच्या हातापायांवर चामखिळी उठविणारे त्याच कुळांतले, पण वेगळ्या घरचे. बहुतेक प्रत्येक प्राण्याचे पॅपिलोमा विषाणु ज्याचे त्याला, म्हणून मोतीच्या कानांतलें तें आमच्या नातीला होण्याची भीति मुळींच नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, असे चट्टे घोड्याला सहसा दुखतहि नाहींत आणि खाजतहि नाहींत. मामांनीं पहिल्याच दिवशीं जें सांगितलें होतें, तेंच पशुवैद्यकाच्या ग्रंथांत लिहिलेलें आहे.

ह्या विषाणूची राहणी मोठी धूर्त आहे. कातडीला सुईच्या टोंकाएवढी जखम झाली कीं तेवढ्या वाटेनें तो सर्वांत खालच्या थरांतल्या पेशींत शिरतो. तेथें तो गडबड करीत नाहीं. पेशी जसजशा वर सरकतात तसतसा तो त्यांच्याबरोबर वर येतो, आणि आपली खरी प्रजा वाढवितो तो अगदीं वरच्या, मरावयास टेंकलेल्या थरांत. रक्ताशीं त्याचा संबंध येत नाहीं, सूज येत नाहीं, ताप येत नाहीं; त्यामुळें शरीराच्या पहारेकऱ्यांना चोर घरांत आहे याचा पत्ताच लागत नाहीं. कातडी मात्र त्याच्या इशाऱ्यानें थरावर थर चढवीत जाडी होते. त्याच वाळलेल्या थरांना आम्हीं खडूची खपली म्हटलें. ती खरवडल्यानें बिऱ्हाडकरू जात नाहीं. फक्त घराचें छप्पर निघतें, आणि तो तें पुन्हां शाकारतो. शिवाय खरवडतांना नव्या जखमा होतात, म्हणजे त्याला नवीन दरवाजे आपणच उघडून देतों. चट्टा एकानें वाढला असेल, तर तो कोणाच्या चमच्यानें वाढला, हें तिनें बोलून दाखविलें नाहीं.

एवढ्याशा चट्ट्याचा हा पत्ता माणसाला फार उशिरां लागला. घरीं परतल्यावर आम्ही ह्या विषयाच्या मागें लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, चामखिळींचें मूळ जंतूंनाहि अडविणाऱ्या गाळणींतून पलीकडे जातें, हें ज्युसेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरानें १९०७ सालीं दाखविलें. नेरळ-माथेरानची आगगाडी सुरू झाली तें सालहि तेंच. म्हणजे त्या गाडींतून उतरून घोड्यावर बसणाऱ्या पहिल्या प्रवाशांच्या वेळेपासून विषाणूचा माग लागलेला होता. आम्ही तेवढे मागें राहिलों. १९३३ सालीं रिचर्ड शोप यांनीं अमेरिकेंतील रानसशांच्या अंगावर शिंगांसारख्या गांठी उठविणारा पॅपिलोमा विषाणु शोधला. शिंगरांच्या नाकाओठांवर बारीक चामखिळींचा पुंजका येतो, तो एका घोड्यापासून दुसऱ्याला देतां येतो हें १९५१ सालच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. कानांतल्या चट्ट्यांत पॅपिलोमा विषाणु असल्याचें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं १९९२ सालीं दाखविण्यांत आलें. २०१० च्या सुमारास झुरिकच्या संशोधकांनीं तशाच एका चट्ट्यांतून घोड्याच्या ह्या विषाणूचा तिसरा प्रकार ओळखला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत चौथा, पांचवा व सहावा हेहि कानाशीं निगडित निघाले. ब्राझीलमधल्या पशुवैद्यांनीं त्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. पहिला प्रकार नाकाओठांचा, दुसरा गुप्तेंद्रियांचा. हा दुसरा तेवढा वाईट, त्याचें पर्यवसान कधीं कर्करोगांत होतें. कानाच्या मंडळींवर तसा बोभाटा नाहीं.

शिंगरांच्या चामखिळी व हे चट्टे यांत एक मोठा फरक आहे. शिंगराच्या शरीराला कांहीं महिन्यांत शत्रूची ओळख पटते आणि सारा पुंजका आपोआप झडून जातो. कानांतला चट्टा मात्र बहुधा जन्माचा सोबती. तो तेथेंच कां होतो याचेंहि उत्तर मोठें मार्मिक आहे. चिलटाएवढी, काळी, पाठीला कुबड असलेली एक माशी असते. तिच्या अळ्या वाहत्या पाण्यांत वाढतात, आणि ती सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडांत घोड्याच्या कानांत शिरून, जेथें केंस विरळ आणि कातडी पातळ तेथें चावते. विषाणु तीच एका कानांतून दुसऱ्या कानांत नेत असावी, असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे. शाबिती अजून व्हावयाची आहे. कान फुंकणारे आणि कान भरणारे आपल्याला ठाऊक होते; कान टोंचून आंत कांहीं ठेवून जाणारी ही तिसरी जात.

डॉक्टरीणबाईंनीं आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरूं शकत नाहीं. घोड्याच्या कानावर दुसराहि एक विषाणुजन्य विकार होतो. त्याला सार्कॉइड म्हणतात. १९३६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत जॅक्सन नांवाच्या संशोधकानें त्याचें वर्णन केलें. तो खरा गायीबैलांचा विषाणु. पॅपिलोमाच्याच कुळांतला, पण आपली जात सोडून घोड्याच्या अंगांत शिरणारा. आरंभीं तोहि एखाद्या निरुपद्रवी खरखरीत चट्ट्यासारखा दिसूं शकतो. त्याला उगाच डिवचलें, अर्धवट कापलें, खरवडलें, तर तो चवताळतो आणि मांसल गांठी फेंकूं लागतो. "तुमचा चमचा त्याच्यावर चालला असता, तर काका, आज आपण निराळंच कांहीं पाहात असतों," ती म्हणाली. मामा शेजारीं उभे होते. त्यांनीं तें ऐकलें, आणि आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं आमच्याकडे पाहावें असें आम्हांला त्या वेळीं फार वाटलें.

"मग ह्या चट्ट्यांना औषध आहे कीं नाहीं?" आम्हीं विचारलें. औषध आहे. इमिक्विमॉड नांवाचें मलम माणसांच्या चामखिळींवर वापरतात; तें शरीराच्या त्या झोंपलेल्या पहारेकऱ्यांना हलवून जागें करतें. अमेरिकेंत तें घोड्यांच्या कानांत लावून पाहिलें आणि बहुतेकांचे चट्टे गेलेहि. पण आठवड्यांतून तीनदां, एक आठवडा सोडून एक, असें महिनेच्या महिने लावावयाचें. कान लालभडक होऊन सुजतो, त्यावर जाड खपली धरते, ती दर वेळीं काढावयाची. आणि पुष्कळ घोड्यांना त्यासाठीं गुंगीचें इंजेक्शन द्यावें लागतें. न दुखणाऱ्या गोष्टीसाठीं हें सारें करावयाचें तें कोणाच्या समाधानाकरितां? मोतीच्या बाबतींत तर प्रश्नच नव्हता. "चट्ट्याला औषध नको," तिनें मामांना सांगितलें. "माश्यांच्या वेळेला कानावर जाळीची टोपी घाला, ती घालूं देईल तेव्हां. आंतले केंस कापूं नका. आणि तुमच्या घोड्याला खरा आजार आहे तो भीतीचा. त्याला वेळ लागेल."

"किती?" मामांनीं विचारलें.

"तें तोच सांगेल."

निघतांना आम्हीं मामांच्या हातावर कांहीं रक्कम ठेवली. ते नको म्हणतील, आपण आग्रह करूं, मग ते डोळ्यांत पाणी आणून घेतील, अशी कांहीं तरी नाटकी कल्पना आमच्या मनांत होती. त्यांनीं नोटा तेथेंच मोजल्या, खिशांत घातल्या आणि म्हणाले, "चंदीचं होईल चार महिन्यांचं." आम्हांला तें फार बरें वाटलें. क्षमा करणें त्यांच्या हातीं होतें, हिशेब चुकता करणें आमच्या. एकाची दुसऱ्याशीं गल्लत त्यांनीं होऊं दिली नाहीं.

पुढचें काम त्यांचें. लगाम कानांवरून ओढून घालावयाची नाहीं; गालाजवळचा पट्टा सोडून ती मानेमागून आणावयाची आणि मग बकल लावावयाचें, ही युक्ति डॉक्टरीणबाईंनीं दाखवून दिली. रोज संध्याकाळीं मानेवरून हात फिरवीत फिरवीत वर न्यावयाचा, आणि कान जेथें मागें वळेल तेथें थांबावयाचें. आज चार बोटें, उद्यां चार बोटें, परवां कांहींच नाहीं. २०१९ च्या मे महिन्यांत आम्ही गेलों तेव्हां हात कपाळाच्या केंसांपर्यंत पोंचला होता. मोती नाक्यावर येऊं लागला होता, पण मामा लहान मुलांना त्याच्यावर बसवीत नव्हते. मुलांना पुढें वांकण्याची संवय असते.

मग २०२० चा मार्च आला. नाका ओस पडला. गिऱ्हाईक नाहीं, आगगाडी नाहीं, हॉटेलें बंद. माणसांच्या एका विषाणूनें साऱ्या डोंगराची मिळकत थांबविली. पुण्याहून आम्ही मधून मधून मोबाइलवरून थोडे पैसे पाठवीत असूं आणि फोनवर मोतीची खुशाली विचारीत असूं. चंदीची ओढाताण होती. दोन घरचे घोडे खालीं गांवीं पाठविले, असें मामा सांगत. एक दिवस मात्र त्यांचा आवाज निराळा लागला.

"साहेब, काल कानाला हात लावू दिला."

घाई करणारें गिऱ्हाईक दाराशीं नव्हतें; सकाळीं सातला लगाम चढलीच पाहिजे असें कोणतेंहि कारण उरलें नव्हतें. मामा दिवसचे दिवस त्याच्याजवळ पडवींत बसून राहिले, आणि डॉक्टरीणबाईंनीं जो वेळ मागितला होता तो असा मिळाला. ह्यावर काय बोलावें तें आम्हांला सुचेना. आम्हीं "वाहवा" म्हटलें आणि फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही वर गेलों तो दोन वर्षांनीं. मोती नाक्यावर उभा होता. पाठीवर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, आणि कानांवर मामांच्या सुनेनें विणलेली लाल लोंकरीची जाळी. मुलगा उतरल्यावर मामांनीं ती जाळी काढली, उजवा कान अलगद तळहातावर घेतला आणि आंतली बाजू आमच्याकडे वळविली. चट्टे जेथल्या तेथें होते, पांढरेशुभ्र, खडू सांडल्यासारखे. मोती डोळे अर्धे मिटून उभा होता.

न कळत आमचाहि हात पुढें झाला.

"तुम्ही नको, साहेब," मामा हळूच म्हणाले.

आम्हीं हात मागें घेतला आणि बाजूच्या जांभळीखालीं जाऊन उभे राहिलों. नवें गिऱ्हाईक आलें. मामांनीं पट्टा आवळला, रिकिबी सारख्या केल्या आणि घोडा रस्त्याला लावला. वळणापर्यंत मोतीचा डावा कान पुढें वाटेकडे होता, आणि उजवा मागें, आम्ही उभे होतों त्या झाडाकडे.